अठ्ठावीस वर्षांचा समेट

सन १९४७ म्हटलें कीं आपल्या मनापुढें दोन चित्रें उभीं राहतात. एक स्वातंत्र्याचें व दुसरें फाळणीचें. त्या वर्षीं पंजाबांत व बंगालमध्यें पिढ्यान्‌पिढ्यांचे शेजारी एकमेकांस पारखे होत होते, आणि धर्म हें माणसें जोडण्याचें साधन आहे असें म्हणण्याची कोणाची छाती होत नव्हती. अशा वेळीं, स्वातंत्र्यदिनास पुरता दीड महिनाही झाला नव्हता तोंच, ता. २७ सप्टेंबर रोजीं मद्रास शहरांतील सेंट जॉर्ज कॅथीड्रलमध्यें एक सोहळा झाला. तेथें आंग्लिकन मंडळी, मेथॉडिस्ट मंडळी, आणि प्रेस्बिटेरियन व काँग्रिगेशनल यांची पूर्वींच एक झालेली संयुक्त मंडळी, अशा तीन शाखांनीं आपआपलीं जुनीं नांवें बाजूस ठेवून ‘दक्षिण हिंदुस्थानची मंडळी’ हें एकच नांव धारण केलें. हा समुदाय सुमारें दहा लक्ष माणसांचा होता. सोळाव्या शतकांतील धर्मसुधारणेनंतर बिशप मानणाऱ्या व न मानणाऱ्या मंडळ्या एका संस्थेंत विलीन झाल्याचें जगांतील हें पहिलें उदाहरण होय. देश दुभंगल्याच्या आक्रोशांत ही वार्ता बुडून गेली असल्यास त्यांत नवल नाहीं.

ऐक्य, कृपा व प्रीति हे तीन शब्द ख्रिस्ती उपासनेंत इतक्या वेळां उच्चारले जातात कीं, पुष्कळ वापरलेल्या नाण्याप्रमाणें त्यांवरील ठसा पुसट होऊन जातो. ते शब्द खरे करून दाखवावयास किती किंमत मोजावी लागते हें ज्यास पाहावयाचें असेल त्यानें दहा प्रवचनें ऐकण्यापेक्षां हा इतिहास एकदां वाचावा, असें आम्हांस वाटतें. ज्या वाचकांचा त्या धर्माशीं संबंध नाहीं, त्यांसही तो परका वाटणार नाहीं. कारण भाऊबंदकी ही कोणत्याही एका समाजाची मिरास नव्हे. वसई-गोव्याकडील रोमन कॅथलिक समाज व केरळांतील प्राचीन सुरियानी मंडळ्या यांचा इतिहास निराळा आहे. येथें केवळ प्रॉटेस्टंट मंडळ्यांचाच विचार आम्ही करणार आहों.

या भेदांचें मूळ पाहूं गेल्यास एक चमत्कारिक गोष्ट दिसते. ता. ९ जुलै १७०६ रोजीं त्सीगेनबाल्ग व प्लूचौ हे दोन जर्मन तरुण डेन्मार्कच्या राजाच्या आश्रयानें तमिळ किनाऱ्यावरील त्रांकेबार येथें उतरले, आणि तेथून हिंदुस्थानांतील प्रॉटेस्टंट मिशनांचा आरंभ झाला. हे दोघे ल्यूथरच्या पंथाचे होते. परंतु त्यांच्या कार्यास पैशाची व छापखान्याची मदत केली ती इंग्लंडांतील आंग्लिकनांच्या एका ज्ञानप्रसारक संस्थेनें. पुढें तंजावरच्या राजदरबारीं मान पावलेला श्वार्ट्झ हाही ल्यूथरपंथीच. पण त्यासही त्याच इंग्रजी संस्थेचा आश्रय होता. त्याच्या मस्तकावर बिशपानें हात ठेवून दीक्षा दिली आहे किंवा नाहीं, याची चौकशी करीत बसण्यास अठराव्या शतकांत कोणास सवड नव्हती. म्हणजे ज्या प्रश्नावर विसाव्या शतकांतील विद्वानांनीं अठ्ठावीस वर्षें खल केला, तो प्रश्न गरजेच्या काळीं जणूं अस्तित्वांतच नव्हता.

एकोणिसाव्या शतकांत मिशनें वाढलीं आणि त्यांबरोबर पंथही वाढले. प्रत्येक मिशननें आपल्या मायदेशचें भांडण आपल्या पेटींत घालून आणलें होतें. स्कॉटलंडांत राजसत्ता व धर्मसत्ता यांमध्यें जो वाद झाला, किंवा इंग्लंडांत प्रार्थनापुस्तकावरून जे लोक घराबाहेर पडले, त्यांच्याशीं तमिळ किंवा तेलुगु शेतकऱ्याचा काय संबंध? पण त्या वादांचीं नांवें मात्र त्याच्या कपाळीं लागलीं. मिशनांनीं आपसांत तंटा नको म्हणून मुलूख वाटून घेतले. ही व्यवस्था सोयीची व समंजसपणाची होती खरी. परंतु तिचा परिणाम असा झाला कीं, मनुष्याचा पंथ त्याच्या श्रद्धेवरून न ठरतां त्याच्या जिल्ह्यावरून ठरूं लागला.

आपल्या महाराष्ट्रांतच पाहावें. अमेरिकन मराठी मिशन १८१३ मध्यें मुंबईस आलें व १८३१ मध्यें अहमदनगरास त्याचें ठाणें झालें. तें काँग्रिगेशनल मताचें, म्हणून नगरकडचा ख्रिस्ती काँग्रिगेशनल झाला. नाशकास चर्च मिशनरी सोसायटीनें काम केलें, म्हणून तिकडचा ख्रिस्ती आंग्लिकन झाला. कोल्हापुराकडे अमेरिकन प्रेस्बिटेरियन गेले, म्हणून तेथील ख्रिस्ती प्रेस्बिटेरियन झाला. या तिघांची भाषा एक, अन्न एक, शेताच्या बांधावरचीं सुखदुःखें एक. आणि तरी प्रभुभोजनाच्या मेजाशीं मात्र हे तिघे परके! नगरची मुलगी नाशकास दिली म्हणजे तिचा पंथ बदलावयाचा, आणि तो कां बदलला हें ना तिला सांगतां यावें ना तिच्या सासऱ्याला.

परंतु सारा दोष विलायतेच्या माथीं मारून मोकळें होणें हें इतिहासास धरून होणार नाहीं. परदेशांतून आलेल्या भेदांशेजारीं आपल्या मातींतला एक भेद मंडळींत ठाण मांडून बसला होता. तो म्हणजे जातिभेद. तंजावर व वेपेरी येथील जुन्या मंडळ्यांत उच्च मानलेल्या व नीच मानलेल्या जातींच्या ख्रिस्त्यांच्या बैठकी निराळ्या असत. कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनीं १८३३ मध्यें आज्ञापत्र काढून मंडळींतील जातिभेद सर्वस्वीं टाकावा असें फर्माविलें, तेव्हां पुष्कळ कुटुंबें उपासना सोडून निघून गेलीं. आज्ञापत्रानें बैठक मोडतां येते, मन मोडतां येत नाहीं, हें त्या वेळींच दिसून आलें. तेव्हां मंडळीचें ऐक्य हा प्रश्न आरंभापासूनच दुहेरी होता. एक भेद गलबतांतून उतरलेला, व दुसरा घरांत आधींच बसलेला.

हे दोन्ही भेद ज्यानें स्वतः अनुभविले असा एक मनुष्य या चळवळीचा अग्रणी व्हावा, यांत मोठें औचित्य आहे. वेदनायकम सॅम्युएल अझरय्या यांचा जन्म १८७४ मध्यें तिरुनेलवेली जिल्ह्यांतील एका खेड्यांत झाला. त्यांच्या नाडार समाजास उच्चवर्णीयांकडून पुष्कळ अपमान सोसावे लागले होते. १९१० मध्यें स्कॉटलंडांत एडिंबरो येथें जागतिक मिशनरी परिषद भरली, तींत पस्तीस वर्षांचे अझरय्या बोलावयास उभे राहिले. परदेशी मिशनऱ्यांच्या त्यागाविषयीं त्यांनीं मनापासून कृतज्ञता व्यक्त केली, पण पुढें स्पष्ट सांगितलें कीं, दान देणें व सोबत बसणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत. हिंदी ख्रिस्त्यांस आश्रयदाते पुष्कळ मिळाले, आतां त्यांस मित्र पाहिजेत. सभेंतील कित्येकांस तें भाषण झोंबलें; परंतु त्या परिषदेंतील जें थोडें लोकांच्या स्मरणांत राहिलें, त्यांत या भाषणाची गणना होते. दोन वर्षांनीं, ता. २९ डिसेंबर १९१२ रोजीं, कलकत्त्यास अझरय्या यांस बिशपपदाची दीक्षा मिळाली. हिंदुस्थानांतील आंग्लिकन मंडळीचे ते पहिले हिंदी बिशप होत.

त्यांचें ठाणें निजामाच्या राज्यांतील दोर्नकल येथें होतें. तेथील मंडळींत माला व मादिगा या दोन दलित जातींचे लोक मोठ्या संख्येनें आले होते. गांवानें दोघांसही शिवेबाहेर ठेविलें होतें, आणि तरीही ते एकमेकांच्या पंक्तीस बसत नसत. त्यांस एका मेजाशीं बसविणें हें अझरय्या यांचें नित्याचें काम होतें. आणि तें करीत असतांना त्यांस प्रश्न पडे कीं, ज्या धर्माच्या नांवें आपण या दोघांस एक व्हावयास सांगतों, त्या धर्माचे उपदेशकच जर एकमेकांच्या हातून प्रभुभोजन घेत नाहींत, तर आपल्या सांगण्यास अर्थ काय? ऐक्याचा विचार त्यांस केवळ ग्रंथांतून सुचला नाहीं, खेड्यांतल्या अनुभवानें तो त्यांच्या गळीं उतरविला, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

मे १९१९ च्या पहिल्या दोन दिवशीं त्रांकेबार येथें तेहतीस पाळक व पुढारी जमले. त्यांपैकीं दोघे सोडून बाकीचे सर्व हिंदी होते. जेथें दोनशें तेरा वर्षांपूर्वीं पहिले मिशनरी उतरले, त्याच गांवीं त्यांनीं एक पत्रक काढिलें. त्याचा आशय असा कीं, पाश्चात्य इतिहासांतून आलेले हे पंथभेद येथील लोकांनीं मागून घेतलेले नाहींत आणि ते पुढील पिढीच्या हातीं देण्याची त्यांची इच्छाही नाहीं. योगायोग असा कीं, याच महिन्याच्या ९ तारखेस मुंबईस रेव्हरंड नारायण वामन टिळक दिवंगत झाले. त्यांनींही १९१७ मध्यें मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ काढिला होता, आणि बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो, ख्रिस्ताचा शिष्य म्हणविणाऱ्या प्रत्येकास त्यांत जागा दिली होती. एक तमिळ बिशप व एक मराठी कवि, दोघांच्याही मनाची तळमळ एकच होती. फरक एवढाच कीं, टिळकांनीं संस्थेच्या भिंतीबाहेर अंगण घातलें, आणि अझरय्या भिंतींत दार पाडूं लागले. दार पाडण्यास वेळ अधिक लागतो.

तो किती लागावा! १९२० मध्यें आंग्लिकन व संयुक्त मंडळी यांची एक समाईक समिति बसली. १९२५ मध्यें वेस्लीपंथी मेथॉडिस्ट तींत आले. १९२९ मध्यें योजनेचा पहिला मसुदा प्रसिद्ध झाला. आणि त्यानंतर तो मसुदा फिरून फिरून दुरुस्त होत राहिला. गांठ कोठें होती हें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. आंग्लिकनांच्या मतें प्रेषितांपासून हातावर हात ठेवून चालत आलेली बिशपांची परंपरा मंडळीस आवश्यक आहे. ज्यास बिशपानें दीक्षा दिली नाहीं, त्यानें प्रभुभोजन देऊं नये. प्रेस्बिटेरियनांत ही दीक्षा पाळकांची व वडिलांची सभा देते. काँग्रिगेशनलांत प्रत्येक स्थानिक मंडळी स्वतंत्र. त्यांचें म्हणणें असें कीं, आम्हांस नव्यानें दीक्षा घ्यावयास लावणें म्हणजे आजपर्यंत आमच्या हातून ज्यांनीं भाकर घेतली त्यांस ‘तुम्हांस कांहींच मिळालें नव्हतें’ असें सांगणें होय. एकाच्या दृष्टीनें परंपरेचा त्याग, तर दुसऱ्याच्या दृष्टीनें पूर्वजांचा अपमान! दोन्ही बाजू हट्टी होत्या असें म्हणणें सोपें आहे. पण दोन्ही बाजूंस जें प्रिय होतें तें खरोखरच मोलाचें होतें, म्हणूनच तडजोड इतकी कठीण झाली.

शेवटीं जो तोडगा निघाला, तो आमच्या मतें या इतिहासांतील सर्वांत शिकण्यासारखा भाग आहे. ठरलें तें असें कीं, यापुढें संयुक्त मंडळींत बिशप असतील आणि यापुढील प्रत्येक दीक्षा त्यांच्या हातें होईल. परंतु बिशपपदासंबंधीं अमुकच एक सिद्धांत मानला पाहिजे अशी सक्ति कोणावर होणार नाहीं. ऐक्याच्या दिवशीं जे जे पाळक तीन मंडळ्यांत सेवा करीत असतील, ते सर्व जसे आहेत तसे, पुनः दीक्षा न घेतां, सारख्याच मानानें पाळक समजले जातील. मग प्रश्न असा कीं, जुन्या आंग्लिकन गांवीं दीक्षेच्या बाबतींत मन न मानणारा पाळक पाठविला तर? यावर त्यांनीं कलम न घालतां एक वचन दिलें. कोणत्याही मंडळीवर तिच्या सदसद्विवेकास न पटणारी उपासनापद्धति किंवा न पटणारा पाळक लादला जाणार नाहीं, एवढाच त्या वचनाचा अर्थ. तीस वर्षें अशा रीतीनें एकत्र नांदावें आणि मग उरलेल्या भेदांचा निकाल करावा, अशी ही योजना होती.

म्हणजे काय झालें? आधीं सर्व शंका फिटाव्या व मग एक व्हावें, हा क्रम त्यांनीं उलटा केला. आधीं एक व्हावें, एका घरांत राहावें, आणि शंका घरांत बसून सोडवाव्या. कायद्याची रीति अशी कीं पात्रता सिद्ध झाल्यावर अधिकार मिळतो. कृपेची रीति निराळी. ती आधीं स्वीकारते आणि मग योग्य करून घेते. ज्या शास्त्रांत कृपेचा एवढा महिमा गाइला आहे, त्या शास्त्राच्या अनुयायांनीं आपल्या घटनेंत तिला प्रत्यक्ष जागा करून दिल्याचें असें उदाहरण विरळा.

यावर टीका झाली नसती तरच आश्चर्य. सुप्रसिद्ध इंग्रज कवि टी. एस. एलियट यांनीं १९४३ मध्यें या योजनेविरुद्ध एक पुस्तिका लिहिली. विध्वंस करून मीलन साधण्याचा हा खटाटोप आहे, असा आरोप तिच्या नांवांतच होता. त्यांचा आक्षेप असा कीं, शब्द मुद्दाम संदिग्ध ठेवून साधलेलें ऐक्य हें ऐक्यच नव्हे. हा आक्षेप हलका नाहीं. सत्याविषयींच्या उदासीनतेस पुष्कळ वेळां औदार्य म्हणण्यांत येतें, आणि दोन्ही पक्षांस कसलीच चाड नसली म्हणजे समेट फार लवकर होतो. परंतु ज्यांनीं एकेका वाक्यावर वर्षेंच्या वर्षें घालविलीं, त्यांस सत्याची चाड नव्हती असें कोण म्हणेल? १९४३ मध्यें मेथॉडिस्टांनीं, १९४५ मध्यें आंग्लिकनांनीं आणि १९४६ मध्यें संयुक्त मंडळीनें योजनेस संमति दिली. स्वतः अझरय्या मात्र १ जानेवारी १९४५ रोजींच निवर्तले. ज्या दारासाठीं त्यांनीं पंचवीस वर्षें भिंत फोडली, त्यांतून आंत जाण्याचें भाग्य त्यांस लाभलें नाहीं.

ऐक्याची किंमतही द्यावी लागली. दक्षिणेंतील आंग्लिकन आपल्या जगद्व्यापी मंडळीच्या जुन्या चौकटीबाहेर पडले, आणि १९४८ च्या लँबेथ परिषदेंत इतर बिशपांचें नव्या मंडळीच्या पाळकवर्गासंबंधीं एकमत होऊं शकलें नाहीं. आंध्रांतील नंद्याळ भागांतील हजारों आंग्लिकन या ऐक्यापासून अलग राहिले. एका ऐक्यांतून एक नवी फूट निघाली, ही गोष्ट लपविण्यासारखी नाहीं. तरी तिचा शेवटही सांगितला पाहिजे. १९७५ मध्यें तेथील मंडळ्यांचा बराच भाग, सर्व नव्हे, या मंडळींत येऊन मिळाला. पुढें २०१३ मध्यें ई. पुष्पललिता या दक्षिण हिंदुस्थानच्या मंडळीच्या पहिल्या स्त्री-बिशप झाल्या, त्या याच नंद्याळच्या! जेथील लोक जुनी रीति जपण्यासाठीं बाहेर राहिले होते, तेथेंच ही अगदीं नवी गोष्ट प्रथम घडावी, हें काळाचें कौतुक होय.

उत्तरेकडे हेंच कार्य अधिक हळू चाललें. १९२४ मध्यें प्रेस्बिटेरियन व काँग्रिगेशनल एक झाले, १९२९ मध्यें इतरांशीं बोलणीं सुरू झालीं, आणि ता. २९ नोव्हेंबर १९७० रोजीं आपल्या नागपुरांत सहा मंडळ्यांची मिळून ‘उत्तर भारताची मंडळी’ स्थापन झाली. येथें दक्षिणेंत नसलेली एक अडचण होती. बालकांस बाप्तिस्मा देणारे व प्रौढपणीं स्वतः कबुली दिल्यावरच बाप्तिस्मा घ्यावा असें मानणारे, असे दोन्ही पक्ष तींत होते. दोन्ही पद्धति एकाच मंडळींत राहूं द्याव्या, असें ठरलें. अमेरिकन परंपरेची मोठी मेथॉडिस्ट मंडळी मात्र अगदीं शेवटच्या क्षणीं मागें फिरली. तरीही नगर, नाशिक व कोल्हापूर येथील जे भेद मागें सांगितले, त्यांवरची जुनी रेघ त्या दिवशीं पुष्कळ अंशीं पुसली गेली.

येथपर्यंत आल्यावर समाधान मानून लेखणी खालीं ठेवण्याचा मोह होतो. पण तसें करणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. गलबतांतून उतरलेला भेद बराचसा मिटला. घरांत बसलेला मात्र अद्याप उठला नाहीं. लग्नें जुळवितांना जात पाहणें, कोठें कोठें स्मशानभूमीही वेगळी असणें, निवडणुकींत जातीचे गट पडणें, आणि मंडळीच्या मिळकतीवरून भावाभावांनीं कोर्टाची पायरी चढणें, या गोष्टी संयुक्त मंडळींतही राहिल्या. त्रांकेबारच्या पत्रकानें परक्यांच्या भेदांची जबाबदारी नाकारली, तें योग्यच केलें. परंतु आपल्या स्वतःच्या भेदाची जबाबदारी घेणारें तसेंच एक पत्रक अजून लिहावयाचें आहे, असें म्हटल्यावांचून राहवत नाहीं. तें लिहावयास परिषद भरविण्याची जरूर नाहीं. ज्या वचनानें तीन पंथ एका घरांत आणले, तेंच वचन शेजारच्या बाकावर बसणाऱ्यास द्यावयाचें आहे. तूं जसा आहेस तसा मला मान्य आहेस, आणि तुझ्या मनावर मी कांहीं लादणार नाहीं.

ज्यांनीं अठ्ठावीस वर्षें एकमेकांचीं तींच तींच म्हणणीं न कंटाळतां ऐकून घेतलीं, त्यांच्या मसुद्यांतील पुष्कळ कलमें आज जुनाट वाटतील. त्यांची चिकाटी जुनी होणार नाहीं. प्रीति ही एका क्षणाची उसळी नसून पुनःपुनः एका मेजाशीं येऊन बसण्याची संवय आहे, हें त्यांनीं आचरून दाखविलें. कोणत्याही मंडळींत, संस्थेंत किंवा कुटुंबांत ज्यांचें बोलणें तुटलें असेल, त्यांनीं निदान एवढें तरी या इतिहासांतून घ्यावें कीं, बैठक मोडूं देऊं नये. समेटास उशीर लागला तरी चालेल.